जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट सुरू व्हायला ३ मिनिटं: वेळ नेमका कुठे जातोय?

उंबरठा

नमस्कार मंडळी. लॅपटॉप असा: पाचव्या पिढीचा आय-३ प्रोसेसर, ४ जीबी रॅम, १ टीबीची ५४०० आरपीएम हार्ड डिस्क, यूईएफआय. त्यावर लिनक्स मिंट २१.३ सिनॅमन आणि शेजारी विंडोज १०. विंडोज अधूनमधून लागतं, त्यामुळे ते काढता येणार नाही.

बटण दाबल्यापासून काम सुरू करण्यासारखी स्थिती यायला तीन मिनिटं लागतात. एकदा सुरू झालं की मिंट ठीक चालतं. टर्मिनलमध्ये सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ (सुरू होण्याचा, म्हणजे बूटचा, वेळ सांगणारी आज्ञा) चालवल्यावर हे आकडे आले:

फर्मवेअर (बोर्डवरचं सॉफ्टवेअर) ७.४ सेकंद, लोडर (सिस्टम निवडून सुरू करणारं ग्रब) १२.८ सेकंद, कर्नल (लिनक्सचा गाभा) ३७.६ सेकंद, यूजरस्पेस (त्यानंतर सुरू होणाऱ्या सर्व्हिसेस) २ मिनिटं ४.२ सेकंद. एकूण ३ मिनिटं २ सेकंद.

सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ ब्लेम (कोणी किती वेळ घेतला ती यादी) केल्यावर वरच्या ओळी अशा आहेत:

प्लायमाउथ-क्विट-वेट १४.२ सेकंद
नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन ११.८
डॉकर १०.९
मायएसक्यूएल ९.६
डेव्ह-एसडीए५.डिव्हाइस ८.७
नेटवर्कमॅनेजर ८.४
युडिस्क्स२ ६.३
सिस्टमडी-जर्नल-फ्लश ५.१
मोडेममॅनेजर ४.४

ही सगळी बेरीज केली तरी २ मिनिटं होत नाहीत. मग बाकीचा वेळ कोण खातंय? आणि ग्रबचा टाइमआउट सेटिंगमध्ये शून्य आहे, तरी मेन्यू १० सेकंद पडद्यावर राहतो, तो का? डॉकर (कंटेनर चालवणारं) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस) कामाला लागतात, पण रोज नाही.

रात्रपाळी

आकडे दिलेत हे फार बरं केलंत. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाइप करायच्या.

ब्लेमची बेरीज दोन कारणांनी जुळत नाही. सिस्टमडी, म्हणजे बूट होताना सर्व्हिसेस सुरू करणारी व्यवस्था, कामं एकामागून एक करत नाही, एकाच वेळी अनेक सुरू करते. त्यामुळे यादीतले सेकंद एकमेकांवर चढलेले असतात आणि त्यांची बेरीज करण्यात अर्थ नाही. दुसरं कारण तुमच्या बाबतीत जास्त महत्त्वाचं आहे: ब्लेममध्ये फक्त यशस्वीपणे सुरू झालेली युनिट्स (सिस्टमडीची एकेक कामं) येतात. ज्याची वाट बघून सिस्टमडीने शेवटी नाद सोडला, ते त्या यादीत नसतंच. म्हणजे खरा गुन्हेगार सापडत नाही आणि लोक बिचाऱ्या ब्लूटूथला बंद करत बसतात.

यादीतली पहिली ओळ तर सोडूनच द्या. प्लायमाउथ-क्विट-वेट म्हणजे सुरू होतानाचं चित्र पडद्यावरून जाण्याची वाट बघणारं युनिट. ते स्वतः काहीच करत नाही, दुसऱ्यांना लागलेला वेळ त्याच्या नावावर दिसतो. डेव्ह-एसडीए५.डिव्हाइस हीसुद्धा सर्व्हिस नाही. डिस्कवरचं पार्टिशन सिस्टमला दिसायला किती वेळ लागला, तो आकडा आहे. तो मोठा असेल तर डिस्क मंद आहे एवढंच कळतं.

तुमच्या आकड्यांत मला दोन गोष्टी खटकतात. कर्नल ३७.६ सेकंद. मंद हार्ड डिस्कवरही तो ६ ते १० सेकंदांत उरकायला हवा. उबंटू, डेबियन, मिंट यांच्यात इनिट्रॅमएफएसचा (कर्नलसोबत आधी चढणाऱ्या छोट्या तात्पुरत्या फाइल सिस्टमचा) वेळ कर्नलच्या आकड्यातच मोजला जातो, फेडोरासारखा वेगळा दाखवला जात नाही. त्यामुळे घोळ कर्नलमध्ये नसून इनिट्रॅमएफएसमध्ये असावा, आणि तो साधारण ३० सेकंदांचा आहे. यूजरस्पेसमध्ये मात्र ९० सेकंदांचा घोळ दिसतोय. ३० आणि ९० हे दोन्ही ठरावीक टाइमआउट आहेत. इनिट्रॅमएफएस एखाद्या डिस्कची ३० सेकंद वाट बघतं, सिस्टमडी ९० सेकंद.

पुढच्या तीन गोष्टींचं आउटपुट टाका:

१. सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन. यात प्रत्येक ओळीत अ‍ॅटच्या चिन्हापुढचा आकडा म्हणजे ते युनिट कितव्या सेकंदाला सुरू झालं, आणि अधिकच्या चिन्हापुढचा म्हणजे त्याने स्वतः किती वेळ घेतला. अ‍ॅटचा आकडा एकदम उडी मारतो आणि तिथे अधिकचा आकडा नसतो, ती जागा बघायची.

२. जर्नलसीटीएल -बी, आणि त्यात टाइम्ड आउट हे शब्द शोधायचे. फेल्ड युनिटची यादी काढू नका. डिव्हाइसची वाट बघून सोडून दिलेलं काम त्या यादीत दिसेलच असं नाही, लॉगमध्ये मात्र नक्की दिसतं.

३. एलएसबीएलके -एफ, आणि सोबत /ईटीसी/एफएसटॅब फाइल (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याची यादी). यूयूआयडीचे (पार्टिशनच्या ओळख क्रमांकाचे) पहिले चार-सहा अंक ठेवलेत तरी पुरे.

उंबरठा

लगेच उत्तर दिल्याबद्दल आभार.

क्रिटिकल-चेन वरून खाली: ग्राफिकल.टार्गेट आणि मल्टी-यूजर.टार्गेट २ मिनिटं ४ सेकंदाला. त्याखाली डॉकर १ मिनिट ५३ ला, अधिक १०.९. त्याखाली नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन १ मिनिट ४१ ला, अधिक ११.८. नेटवर्कमॅनेजर १ मिनिट ३२.३ ला, अधिक ८.४. मग डीबस, बेसिक.टार्गेट, सिसइनिट.टार्गेट आणि सगळ्यात खाली स्वॅप.टार्गेट (स्वॅप म्हणजे रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) १ मिनिट ३१.८ ला. त्याखाली काही नाही.

लॉगमध्ये दोन ओळी सापडल्या. यूयूआयडी ३एफ९१ ने सुरू होणाऱ्या डिव्हाइसची वाट बघून टाइमआउट झाला, आणि लगेच खाली स्वॅपसाठी डिपेंडन्सी फेल्ड.

एलएसबीएलकेमध्ये स्वॅप पार्टिशन आहे एसडीए६, पण त्याचा यूयूआयडी बी७०ई ने सुरू होतो. एफएसटॅबमध्ये ३एफ९१ आहे. मध्यंतरी विंडोजची जागा कमी करताना जीपार्टेडमधून स्वॅप हलवून नव्याने बनवलं होतं.

रात्रपाळी

सापडलं. स्वॅप नव्याने फॉरमॅट झालं की त्याला नवा यूयूआयडी मिळतो. एफएसटॅबमध्ये जुनाच राहिला. सिस्टमडी त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट बघते, मग सोडून देऊन पुढे जाते. स्वॅपशिवायही सिस्टम सुरू होते, म्हणून चूक कुठे दिसत नाही. तुमच्याकडे ४ जीबी रॅम आहे आणि इतके दिवस स्वॅप चालूच नव्हतं, म्हणजे ब्राउझरमध्ये टॅब वाढले की अडखळत असणार. तेही यानेच सुटेल.

एफएसटॅब आधी दुरुस्त करा. ही फाइल बिघडली तर सिस्टम सुरू होत नाही, म्हणून आधी तिची प्रत ठेवा: सुडो सीपी /ईटीसी/एफएसटॅब /ईटीसी/एफएसटॅब.जुनी (शेवटचं नाव काहीही चालेल). मग सुडो नॅनोने फाइल उघडून स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी बदला. हाताने टाइप करू नका, सुडो बीएलकेआयडीच्या आउटपुटमधून कॉपी करून चिकटवा. बाकी ओळींना हात लावू नका.

रीस्टार्ट करण्याआधी तपासणी: सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय. ही आज्ञा एफएसटॅबमधल्या नसलेल्या डिस्क आणि चुकीचे पर्याय दाखवते. मग सुडो सिस्टमसीटीएल डीमन-रीलोड, सुडो स्वॅपऑन -ए, आणि स्वॅपऑन --शो. शेवटच्या आज्ञेत एसडीए६ दिसलं की काम झालं.

आता कर्नलमधले ३० सेकंद. तेही याच यूयूआयडीमुळे आहेत, फक्त दुसऱ्या फाइलमध्ये. हायबरनेट केलेली सिस्टम परत उठवायची असेल तर मेमरीची प्रत स्वॅपमध्ये असते, म्हणून इनिट्रॅमएफएस रूट पार्टिशन जोडण्याआधी ते स्वॅप शोधतं. कुठलं, ते /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/कॉन्फ.डी/रिझ्यूम या फाइलमध्ये लिहिलेलं असतं. तुमच्या फाइलमध्ये ३एफ९१ असणार. सुरू होताना एस्केप दाबून चित्र बाजूला केलंत तर पडद्यावर सस्पेंड/रिझ्यूम डिव्हाइसची वाट बघतोय, असा संदेश दिसेल.

हायबरनेट वापरत असाल तर तिथे नवा यूयूआयडी घाला. वापरत नसाल तर सरळ रिझ्यूम=नन लिहा, रिझ्यूम मोठ्या लिपीत आणि नन लहान. त्यानंतर सुडो अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू -के ऑल. ही शेवटची पायरी अनेकजण विसरतात. इनिट्रॅमएफएस ही बांधून ठेवलेली फाइल आहे. कॉन्फिगरेशन बदललं तरी ती पुन्हा बांधेपर्यंत जुनाच यूयूआयडी आत राहतो. -के ऑल दिल्याने जुन्या कर्नलच्या फाइलही नव्याने बनतात, म्हणजे उद्या जुन्या कर्नलवर जायची वेळ आली तर तिथे पुन्हा ३० सेकंद अडकणार नाही.

हा धागा आर्चवाल्यांनी वाचला तर: तुमच्याकडे हा जुना यूयूआयडी बहुधा कर्नलच्या ओळीत रिझ्यूम= या स्वरूपात असतो. तो /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये बदलून ग्रबची फाइल पुन्हा तयार करावी लागते.

ग्रबचं कोडं सोपं आहे. उबंटू घराण्यात टाइमआउट शून्य असेल आणि ओएस-प्रोबरला शेजारी दुसरी सिस्टम सापडली, तर ग्रब स्वतःहून मेन्यू १० सेकंद दाखवतं. नाहीतर विंडोज निवडायला वावच मिळाला नसता. म्हणून शून्य ठेवण्यापेक्षा /ईटीसी/डीफॉल्ट/ग्रबमध्ये ग्रब_टाइमआउट २ करा आणि ग्रब_टाइमआउट_स्टाइल मेन्यू. मग सुडो अपडेट-ग्रब.

ग्रबचा आणखी एक टाइमआउट असतो, ग्रब_रेकॉर्डफेल_टाइमआउट. आधीचं बूट पूर्ण झालं नाही असं ग्रबला वाटलं की मेन्यू ३० सेकंद थांबतो. सिस्टम अडकली म्हणून कंटाळून पॉवर बटण दाबून धरलं की पुढच्या वेळी नेमकं हे होतं. बूट पार्टिशन एलव्हीएम किंवा बीटीआरएफएसवर (डिस्क मांडणीच्या दोन वेगळ्या पद्धती) असेल तर दरवेळीच होतं, कारण तिथे ग्रबला आपली नोंद लिहिता येत नाही. त्याच फाइलमध्ये हा आकडा ५ असा लिहून ठेवा.

तांब्याची_तार

रात्रपाळी यांनी निदान अचूक केलंय. त्यापुढचं बोलतो, कारण १२० सेकंद वाचले तरी ती ५४०० आरपीएमची डिस्क तिथेच राहते.

५४०० फेऱ्यांची डिस्क एक फेरी ११ मिलिसेकंदांत पूर्ण करते. हवा तो भाग डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ५.६ मिलिसेकंद, आणि डोकं योग्य पट्ट्यावर सरकायला १०-१२ मिलिसेकंद वेगळे. म्हणजे विखुरलेल्या फाइल वाचायच्या तर सेकंदाला ६०च्या आसपास वाचनं, फार नाही. बूट होताना सिस्टम नेमक्या हजारो छोट्या फाइल वाचते आणि त्या डिस्कभर पसरलेल्या असतात. त्यात सिस्टमडी सगळ्यांना एकदम सोडते, त्यामुळे डोकं सारखं इकडून तिकडे धावतं. साध्यातली साधी साटा एसएसडी अशी हजारो वाचनं एका सेकंदात करते.

२००८ मध्ये इंटेलच्या अर्जान व्हॅन डे व्हेन आणि ऑके कोक यांनी लिनक्स प्लंबर्स परिषदेत एक ईई पीसी (छोटा लॅपटॉप) ५ सेकंदांत सुरू करून दाखवला होता. त्यात इनिट्रॅमएफएस काढून टाकणं आणि लागणाऱ्या फाइल आधीच वाचून ठेवणं या युक्त्या होत्या, पण ते यंत्र फ्लॅश डिस्कचं होतं. हार्ड डिस्कसाठी आधी वाचून ठेवण्याची सोय सिस्टमडीमध्ये होती, ती २०१४ मध्ये २१७ व्या आवृत्तीत काढून टाकली गेली. आज हार्ड डिस्कवरच्या बूटसाठी त्या तोडीचा देखणा उपाय उरलेला नाही, आणि प्रीलोड नावाचं पॅकेज बूटला मदत करत नाही. ते तुम्ही नेहमी वापरता ती अ‍ॅप्स आधी मेमरीत आणतं, ४ जीबीमध्ये तर ते अडचणच होईल.

म्हणून एसएसडी घ्या. काही गोष्टी पाहून घ्या:

अडीच इंची साटा एसएसडी ७ मिलिमीटर जाडीची असते. डिस्कची जागा ९.५ मिलिमीटरची असेल तर सैल बसते, एसएसडीसोबत मिळणारी प्लास्टिकची चौकट चिकटवायची. एम.२ ची जागा असेल तर मॅन्युअल बघितल्याशिवाय खरेदी करू नका. साटा एम.२ आणि एनव्हीएमई दिसायला सारख्याच असतात, पण एकीच्या जागी दुसरी चालेलच असं नाही. बोर्ड साटा २ चं असेल, म्हणजे सेकंदाला २८० एमबीच्या आसपास, तरी घाबरू नका. बूटला सलग वेग लागत नाही, विखुरलेली वाचनं लागतात, आणि ती तिथेही झटपट होतात.

डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी (डिस्क बसवायची चौकट) बसवून जुनी डिस्क तिथे ठेवता येते. कॅडी ९.५ आणि १२.७ मिलिमीटर अशा दोन जाड्यांची मिळते, आधी ड्राइव्हची जाडी मोजा. एसएसडी मूळ जागी आणि जुनी डिस्क कॅडीत, उलटं नको. काही लॅपटॉपमध्ये डीव्हीडीचं पोर्ट हळू असतं.

इथे एक सापळा आहे. जुनी डिस्क क्लोनझिलाने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारं साधन) एसएसडीवर उतरवली आणि मग तीच कॅडीत घातली, तर दोन्हीकडे सारखेच यूयूआयडी होतात. सिस्टम कुठलं पार्टिशन रूट म्हणून घेईल याचा भरवसा नाही. एसएसडी लावूनही वेग वाढला नाही, या तक्रारीमागे कधी कधी हेच निघतं. एसएसडीवर मिंट नव्याने टाका, किंवा क्लोन केल्यावर कॅडीतल्या पार्टिशनचे यूयूआयडी बदला: ईएक्सटी४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टम) साठी ट्यून२एफएस -यू (ही यू मोठी) रँडम, पार्टिशन माउंट केलेलं नसताना. जुनी डिस्क एफएसटॅबमध्ये घालणार असाल तर पर्यायांत नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस लिहा. कॅडी सैल झाली तरी बूट ५ सेकंदांपलीकडे अडणार नाही.

आणि हे सगळं करण्याआधी स्मार्टमॉनटूल्स (डिस्कची तब्येत सांगणारं पॅकेज) टाकून सुडो स्मार्टसीटीएल -ए /डेव्ह/एसडीए बघा. ५ वा आकडा रीअलोकेटेड सेक्टर आणि १९७ वा करंट पेंडिंग सेक्टर, या दोन्हींची रॉ किंमत शून्य हवी. १९७ वाढतोय असं दिसलं तर बूटचा वेग विसरा आणि त्याच दिवशी डेटा बाहेर काढा. खराब सेक्टर वाचताना डिस्क एकेका वाचनाला कित्येक सेकंद घेते, आणि वरून ते फक्त मंद बूट दिसतं. १९९ वा वाढत असेल तर बहुतेक वेळा डिस्क ठीक असते, केबल किंवा जोडणी खराब असते.

उंबरठा

स्वॅपची आणि रिझ्यूमची दुरुस्ती केली, ग्रबचा टाइमआउट २ केला. आता फर्मवेअर ७.३, लोडर ४.८, कर्नल ७.५, यूजरस्पेस ३४.६. स्मार्टमध्ये तिन्ही आकडे शून्य आहेत. एसएसडी पुढच्या महिन्यात घेणार.

तोवर यूजरस्पेसचं काय करता येईल? नेटवर याद्या मिळतात: ब्लूटूथ, कप्स (प्रिंटिंग), अवाही (नेटवर्कवरची उपकरणं शोधणारं), मोडेममॅनेजर, सुरक्षेचं अ‍ॅपआर्मर मास्क करा, कर्नलला मिटिगेशन्स=ऑफ द्या, एफएसचेक बंद करा. यातलं काय करावं?

रात्रपाळी

मिटिगेशन्स=ऑफ आणि एफएसचेक, दोन्ही नको. पहिल्याचा बूटशी संबंध नाही. प्रोसेसरमधल्या स्पेक्टर, मेल्टडाउनसारख्या त्रुटींवरची संरक्षणं त्याने जातात. आणि एफएसचेक रोज पूर्ण डिस्क तपासत नाही. ईएक्सटी४ नीट बंद झाली असेल तर जर्नल बघून ते क्षणात परततं. लाइट जाऊन लॅपटॉप अचानक बंद पडला तरच ते काम करतं, आणि तेव्हा ते हवंच असतं. अ‍ॅपआर्मरही राहू द्या.

डिसेबल आणि मास्क यातला फरक लक्षात घ्या. डिसेबल केल्याने सर्व्हिस आपोआप सुरू होत नाही, पण दुसऱ्या कुणाला लागली तर उठते. मास्क म्हणजे कुणालाच ती उठवता येत नाही. घरच्या लॅपटॉपवर मास्क करण्याची वेळ क्वचितच येते. लॉगिनडी, डीबस, पोलकिट, युडेव्ह यांना तर हातच लावू नये. एखादी यादी त्यांना मास्क करायला सांगत असेल तर ती यादीच टाकून द्या.

उत्तरा_क

सर्व्हिसेसबद्दल मी लिहिते. यादी बघून बंद करत सुटण्यापेक्षा क्रिटिकल-चेनमध्ये काय आहे ते बघायचं. तुमच्या चेनचं वरचं टोक वाचा: डॉकर, त्याआधी नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन. २२-२३ सेकंद तिथेच आहेत.

सुडो सिस्टमसीटीएल डिसेबल डॉकर.सर्व्हिस करा आणि कंटेनरडी.सर्व्हिसही. डॉकर.सॉकेट मात्र चालू ठेवा. मग डॉकरची पहिली आज्ञा दिली की सॉकेट डॉकरला उठवतं आणि डॉकर कंटेनरडीला. त्या पहिल्या आज्ञेला काही सेकंद जास्त लागतील. एक मर्यादा आहे: रीस्टार्ट=ऑलवेज दिलेले कंटेनर लॅपटॉप सुरू होताच उठणार नाहीत, डॉकर जागं झाल्यावर उठतील.

यात दुसरा फायदा आपोआप मिळतो. नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन एकटं चालत नाही. कुणीतरी नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट मागितलं तरच ते चालतं, आणि तुमच्याकडे ते डॉकर मागतंय. सिस्टमसीटीएल लिस्ट-डिपेंडन्सीज --रिव्हर्स नेटवर्क-ऑनलाइन.टार्गेट असं विचारलं की मागणाऱ्यांची नावं कळतात. डॉकर गेल्यावर दुसरं कुणी उरलं नाही तर वेट-ऑनलाइन वेगळं बंद करायची गरजच नाही. वायफाय पूर्वीसारखंच जोडलं जाईल, फक्त त्याच्यासाठी बाकीचे थांबणार नाहीत.

घरी एनएएस (नेटवर्कवरचा डिस्कचा साठा) असेल आणि तो जोडणारी एनएफएस किंवा सांबाची ओळ एफएसटॅबमध्ये असेल तर हे अवघड होतं, कारण तिथे नेटवर्कची वाट बघणं खरंच गरजेचं असतं. त्या ओळीत _नेटडेव्ह, नोफेल आणि एक्स-सिस्टमडी.ऑटोमाउंट घाला. मग फोल्डर उघडेपर्यंत ती जागा जोडली जात नाही आणि बूट कुणाची वाट बघत नाही. विंडोजचं डी ड्राइव्ह एफएसटॅबमधून जोडत असाल तर तिथेही नोफेल हवं. विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा, नाहीतर ते पार्टिशन अर्धवट हायबरनेट अवस्थेत राहतं आणि लिनक्समध्ये लिहिण्यासाठी उघडत नाही.

मायएसक्यूएलसाठी सॉकेटची अशी सोय नाही. डिसेबल करा आणि कामाच्या दिवशी सुडो सिस्टमसीटीएल स्टार्ट मायएसक्यूएल. हार्ड डिस्कवर त्याचा खरा त्रास त्याच्या स्वतःच्या ९ सेकंदांपेक्षा वेगळा आहे: ते आपल्या फाइल वाचत असतं तेव्हा लॉगिन स्क्रीनलाही तीच डिस्क हवी असते. एकाचं ओझं कमी झालं की दुसऱ्याचे आकडेही खाली येतात.

मोडेममॅनेजर सिमवाल्या डोंगलसाठी लागतं. डोंगल वापरत नसाल तर डिसेबल करा, ज्यांचं इंटरनेट डोंगलवरच चालतं त्यांनी करू नये. कप्स आणि ब्लूटूथ बंद करून हाती काही लागत नाही, दोन्ही हलक्या आहेत आणि चेनमध्ये नाहीत.

जर्नल-फ्लशचे ५ सेकंद म्हणजे लॉग फुगलाय. जर्नलसीटीएल --डिस्क-यूसेज बघा. मर्यादा दिलेली नसेल तर तो पार्टिशनच्या १० टक्के, जास्तीत जास्त ४ जीबीपर्यंत वाढू शकतो. सुडो जर्नलसीटीएल --व्हॅक्यूम-साइझ=१००एम, आणि /ईटीसी/सिस्टमडी/जर्नलडी.कॉन्फमध्ये सिस्टममॅक्सयूज=१००एम.

मिंटमध्ये स्नॅप (उबंटूची पॅकेजची पद्धत) मुळात नसतो, म्हणून तुमच्या यादीत तो दिसला नाही. हार्ड डिस्कवर उबंटू असलेल्यांनी ब्लेममध्ये स्नॅपडीच्या ओळी बघाव्यात. प्रत्येक स्नॅपची प्रत्येक साठवलेली आवृत्ती बूटच्या वेळी वेगळी माउंट होते. न लागणारे स्नॅप काढले तर तिथेही थोडे सेकंद सुटतात.

उंबरठा

डॉकर, कंटेनरडी, मायएसक्यूएल, मोडेममॅनेजर डिसेबल केले, लॉग १०० एमबीवर आणला. वेट-ऑनलाइन यादीतून गेलं. यूजरस्पेस आता २१.९, एकूण ४१.५ सेकंद. पण पासवर्ड दिल्यावर डेस्कटॉप हाती यायला अजून बराच वेळ लागतो. तो यात मोजलेला दिसत नाही.

उत्तरा_क

बरोबर, लॉगिननंतरचा वेळ त्या आकड्यात नसतो. सिस्टमडी-अ‍ॅनलाइझ --यूजर ब्लेम वेगळं चालवा. शिवाय मेन्यूतून स्टार्टअप अ‍ॅप्लिकेशन्स उघडा. अपडेट मॅनेजर, सिस्टम रिपोर्ट्स, क्लाउडचे सिंक, चॅटची अ‍ॅप्स अशी मंडळी तिथे असतात. मिंटमध्ये प्रत्येकासाठी उशीर सेकंदांत देता येतो. अपडेट मॅनेजरला १२० द्या, ज्याची गरज नाही ते बंद करा. ४ जीबीमध्ये सिनॅमनपेक्षा एक्सएफसीई हलकं पडेल. एसएसडी आल्यावर हा फरक कमी जाणवेल, म्हणून आत्ता घाईने बदलू नका.

तांब्याची_तार

फर्मवेअरचे ७.३ सेकंदही थोडे कमी होतात. सिस्टमसीटीएल रीबूट --फर्मवेअर-सेटअप दिलं की लॅपटॉप थेट सेटअपमध्ये जातो, एफ२ की डिलीट याची झटापट नको. तिथे नेटवर्क बूट, म्हणजे पीएक्सई, बंद करा आणि बूटच्या क्रमात मिंटची नोंद वर ठेवा. फास्ट बूटचा पर्याय असेल तर चालू करा. फक्त एक गोष्ट: काही लॅपटॉपवर त्यामुळे यूएसबी कीबोर्ड ग्रबच्या मेन्यूत चालत नाही. लॅपटॉपचा स्वतःचा कीबोर्ड खराब असेल आणि बाहेरचा वापरत असाल, तर विंडोज निवडता येणार नाही.

इनिट्रॅमएफएस लहान करायचं असेल तर /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/इनिट्रॅमएफएस.कॉन्फमध्ये मॉड्यूल्स=मोस्ट च्या जागी डेप करता येतं. ग्रबला डिस्कवरून कमी वाचावं लागतं आणि लोडरचा आकडा उतरतो. पण मग त्यात फक्त याच लॅपटॉपचे ड्रायव्हर राहतात. पुढच्या महिन्यात तुम्ही डिस्क बदलणार आहात, तेव्हा हे एसएसडी बसल्यावर करा. आधी करून डिस्क क्लोन केलीत आणि नवी डिस्क एनव्हीएमई निघाली, तर इनिट्रॅमएफएसला रूट सापडणार नाही आणि काळ्या पडद्यावर बिझीबॉक्सचा प्रॉम्प्ट येईल. मिंटचा पेन ड्राइव्ह तेवढा जवळ ठेवा.

एसएसडी बसल्यावर सिस्टमसीटीएल स्टेटस एफएसट्रिम.टायमर बघा. तो सहसा चालूच असतो, आठवड्यातून एकदा ट्रिम करतो (मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवतो). एफएसटॅबमध्ये डिस्कार्ड वेगळं घालायची गरज नाही.